सपाट दिसणारी गाडी

अमेरिकेत सुट्टी लागली की पुष्कळ कुटुंबे मोटारीमागे चाकांवरचे छोटे घर जोडून प्रवासास निघतात. या ट्रेलरमध्ये बिछाने, चूल, पाण्याची टाकी असे सर्व असते, आणि वजन २,५०० किलो सहज भरते. त्यातील १० ते १५ टक्के भार मोटारीच्या मागच्या जोडावर यावा लागतो. बैलगाडी भरणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. ओझे फार मागे गेले की गाडी उलाळ होते. ट्रेलरचे तेवढ्यावर भागत नाही. मागे जड झालेला ट्रेलर वेगात झोके घेऊ लागतो आणि मोटारीलाही आपल्याबरोबर ओढतो.

परंतु भार नीट ठेवला तरी दुसरी अडचण आहेच. समजा, जोडावर ३०० किलो आहेत, जोड मागील आसाच्या १.२ मीटर मागे आहे आणि मोटारीच्या दोन आसांत ३ मीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने मागील आसावर ४२० किलो वाढतात, पुढील आसावरून १२० किलो उठतात. दिव्यांचा झोत वर जातो. आणि ज्या पुढच्या चाकांनी वळायचे व बरेचसे थांबायचे, त्यांचीच पकड सैल होते.

म्हणून भार वाटून देणारी जोडणी वापरतात. तिचे पोलादी स्प्रिंग-दांडे ताणून बसविले की मागील आसावरचा काही भार मोटारीच्या पुढील आसावर व काही ट्रेलरच्या आसांवर जातो. पुढच्या चाकावरील कमानीची उंची आधी व नंतर मोजून ताण ठरवितात. फार ताणले तर मागची चाके हलकी होतात. तेव्हा मोटारीची पुस्तिका सांगेल तेवढेच.

आता पाहा, या सर्वांत वजन एक किलोनेही कमी झालेले नाही. उलट जोडणीच्या लोखंडाची भर पडली. मोटारीच्या एकूण वजनाची मर्यादाही तीच राहिली. पण गाडी सपाट दिसू लागली, आणि माणसाच्या मनात येते, आणखी एक पेटी घेऊ या! धोका कमी करण्याचे साधन अशा रीतीने धोका झाकण्याच्या कामी लागते. यात आपण फसविले कोणाला? स्वतःलाच, असे म्हणून सुटता येत नाही. समोरून येणारा अनोळखी माणूस आपल्या पुढच्या चाकांवर विसंबून आपल्या बाजूने चाललेला असतो.

कोणी म्हणेल, मुद्दाम थोडेच केले? मला हे पटत नाही. कळण्याची सोय असताना न कळवून घेणे हेही करणेच होय. तेथे महामार्गांवरील ट्रकथांब्यांवर वजनकाटे असतात, थोड्या पैशांत प्रत्येक आसाचे वजन वेगळे मिळते. घरगुती प्रवाशाला बहुधा कोणी सक्तीने तेथे नेत नाही. पण आकडा जास्त निघाला तर टाकी रिकामी करावी लागेल, मुलांच्या सायकली परत घरी ठेवाव्या लागतील, तेही सुट्टीच्या पहिल्याच दिवशी. पुष्कळ लोक काट्याकडे वळत नाहीत ते पैशासाठी नव्हे, या आकड्याच्या भीतीने, असे मला वाटते.