स्वराचे पाच वाटेकरी

मनुष्याच्या हातून एखादे कर्म उत्तम वठले म्हणजे त्याचे श्रेय कोणाचे, आणि ते फसले तर दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी जितक्या गांभीर्याने हाताळला आहे तितक्याच गांभीर्याने तो प्रत्येक वादकाला रोज भेडसावीत असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्मसिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. लगोलग असेही बजावले आहे की, ही पाच असताना जो स्वतःला एकट्याला कर्ता मानतो त्याच्या बुद्धीवर संस्कार झालेले नाहीत. या विवेचनाची प्रचीती घेण्यास रणांगणच पाहिजे असे नाही. ऑल्टो सॅक्सोफोनच्या टोकाशी बसणारा, बोटभर लांबीचा, प्लास्टिकचा एक स्वस्त माउथपीस त्या कामी पुरेसा आहे.

अडॉल्फ साक्स या बेल्जियन कारागिराने १८४६ मध्ये पॅरिस येथे ज्या वाद्याचे पेटंट घेतले, त्याचे अंग पितळेचे असले तरी त्याच्या स्वराचा उगम पितळेत नाही. माउथपीसच्या सपाट बाजूवर, बोरूसारख्या उंच गवताच्या कांडापासून तासलेली रीड लिगेचर नावाच्या पट्ट्याने आवळून बसविलेली असते. वादकाच्या फुंकीने ती कंप पावते, तिचे टोक आणि माउथपीसचे टोक यांमधली फट सेकंदाला शेकडो वेळा मिटते नि उघडते, आणि त्या स्पंदनाने वाद्याच्या निमुळत्या पोकळीतली हवा निनादू लागते. यामाहाचा ४सी हा माउथपीस बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती प्रथम पडतो. त्यात ही फट १.६० मिलिमीटरची असते. अभिजात संगीताच्या शिक्षणात सर्वत्र रुळलेल्या सेल्मरच्या एस८० सी-स्टार या एबोनाइटच्या माउथपीसमध्ये ती १.७० मिलिमीटरची असते. आतील कक्षाची घडण दोहोंत वेगळी आहे हे खरे. परंतु किमतीत कितीतरी पटींचे अंतर आणि फटीत मिलिमीटरचा अवघा दहावा हिस्सा, हे पाहिल्यावर, आपण पैसे नेमके कशाचे मोजतो, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

असा स्वस्त माउथपीस पारखण्याची रीत साधी आहे, पण तीत शिस्त पाहिजे. प्रथम तो उजेडाकडे धरून, रीड जिथे टेकते त्या दोन्ही बाजूंच्या कडा टोकापर्यंत सारख्या रुंदीच्या आहेत की नाहीत हे पाहावे. मग सपाट बाजू काचेवर टेकवून ती डुगडुगते का याची खात्री करून घ्यावी. त्यानंतर भिजविलेली रीड चढवून, मागचे तोंड तळहाताने घट्ट झाकून, पुढून हवा ओढून घ्यावी आणि ओठ बाजूला करावेत. रीड क्षणभर कडांना चिकटून राहिली आणि मग टप् असा आवाज करून सुटली, तर जोडणी निर्दोष आहे. ती चिकटलीच नाही तर कोठेतरी गळती आहे. मग नुसताच माउथपीस फुंकावा; ऑल्टोच्या माउथपीसमधून ८८० हर्ट्झच्या आसपासचा स्वर स्थिरपणे निघावा, अशी अनेक शिक्षकांची अपेक्षा असते. शेवटी तो वाद्याच्या नेकच्या, म्हणजे वरच्या बाकदार नळीच्या, बुचावर चढवून दीर्घ स्वर धरावेत. सर्वांत खालचा बी-फ्लॅट हळुवार फुंकीने लागतो का, आणि बोटे जागची न हलविता, केवळ घसा व जीभ यांची ठेवण बदलून, त्याच्या वरचे सप्तक नि त्याच्याही वरचा पंचम उमटतो का, हे ऐकावे. महागडा माउथपीस तुलनेला घ्यावयाचा असेल तर रीड मात्र तीच ठेवावी, नाहीतर निवाडा एकाचा आणि शिक्षा दुसऱ्याला असा प्रकार होतो.

या परीक्षेत जे घडते ते मला नेहमीच चिंतनीय वाटत आले आहे. आरंभी दोन माउथपीसांतला फरक कानांवर आदळतो. एकाचा स्वर उजळ पण काहीसा पातळ भासतो, दुसऱ्याचा भरीव. परंतु दीर्घ स्वर घोळवीत बसले असता हा फरक हळूहळू ओसरू लागतो, आणि स्वस्त माउथपीसमधूनही वादकाचा तोच जुना, ओळखीचा आवाज वर येतो, कारण त्याच्या कानात वसलेला स्वर मिळेपर्यंत त्याचे ओठ, जबडा नि श्वास त्याच्या नकळत आपली ठेवण बदलीत राहतात. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये असे दाखवून दिले की, सॅक्सोफोनचे अत्युच्च स्वर काढताना मुरलेले वादक आपल्या मुखकंठाची पोकळीच त्या स्वराशी जुळवून घेतात आणि नवशिक्यांना ते साधत नाही. शंकराचार्यांनी अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा केला आहे आणि चेष्टांचा प्राणापानादी वायूंचे व्यापार असा. त्या दोन कारणांना सॅक्सोफोनच्या स्वरात केवढे स्थान आहे, हे या प्रयोगावरून ध्यानात यावे. करणांचा अर्थ आचार्य इंद्रिये असा लावतात. पण ज्या साधनाला वादक दातांनी नि ओठांनी धरतो आणि ज्याचा कंप त्याच्या कवटीत घुमतो, त्याला त्या वर्गात सामावून घेण्यास हरकत नसावी.

इतके झाल्यावर, सारे काही वादकातच असते, साधन ही क्षुल्लक बाब होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, आणि त्याच्या पुष्ट्यर्थ एक दाखला हटकून पुढे केला जातो. १५ मे १९५३ रोजी टोरांटोच्या मॅसी हॉलमध्ये डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच यांच्या साथीने जॅझ सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करने जी अविस्मरणीय मैफल गाजविली, तीत त्याच्या हाती लंडनमध्ये बनलेला, ग्राफ्टन नावाचा, प्लास्टिकच्या अंगाचा ऑल्टो होता. पुढे ऑर्नेट कोलमन यानेही, धातूचे वाद्य परवडत नाही म्हणून, तसलेच पांढरे वाद्य घेतले. आधी तो नाइलाज होता, मग त्याची आवड झाली. हा दाखला खरा आहे. पण तो नीट तपासला असता वेगळीच साक्ष देतो. ग्राफ्टनची भिंत ॲक्रिलिकची असली तरी तिच्या आतला शंकू आणि छिद्रांची मांडणी हिशेबशीर होती, आणि स्वर घडतो तो मुख्यतः हवेच्या स्तंभाच्या आकारावर. भिंत कशाची आहे याला त्यात फारच थोडा वाव असतो. म्हणजे, साधन नगण्य असते असे पार्करने सिद्ध केले नाही. साधनाचा गुण त्याच्या घडणीच्या सचोटीत असतो, द्रव्यात किंवा मोलात नसतो, एवढेच सिद्ध झाले. कडा वेड्यावाकड्या असलेला माउथपीस पार्करला दिला असता तर त्यालाही त्याच्याशी झगडावेच लागले असते.

माझे म्हणणे असे की, साधनाच्या मागे धावणारा लोभी आणि साधनाला तुच्छ लेखणारा ज्ञानी हे दोघेही एकाच भ्रमाचे धनी आहेत. पहिला आपल्या उणिवेची फिर्याद वस्तूवर गुदरतो आणि नव्या वस्तूच्या खरेदीने ती निकालात निघेल अशी आशा करतो; दुसऱ्याची भाषा वैराग्याची असते, पण त्याच्या मुळाशी, हे सारे माझ्यातूनच निघाले, हा अहंकार दडलेला असतो. ज्या अनाम कामगाराने माउथपीसचा साचा मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत चोख ठेवला, त्याची या दोघांच्याही दप्तरी नोंद नसते.

आणि दैव? ते रीडमध्ये वसते असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. एकाच पेटीतल्या, एकाच क्रमांकाच्या रीडांपैकी एखादी आपणहून गाते, एखादी कितीही आर्जवे केली तरी बोलत नाही; ज्या कांडातून ती तासली गेली त्याचे तंतू कसे वाढले, यावर कोणाचीच हुकमत चालत नाही. आपल्याकडे आषाढ-श्रावणाच्या दमट हवेत कालची उत्तम रीड आज फुगून मंद होते, याचा अनुभव मुंबई-कोकणातल्या प्रत्येक वादकाला आहे. स्वस्त माउथपीसला नावे ठेवणाऱ्या कित्येकांची खरी तक्रार रीडविषयी असते, आणि महागड्याची थोरवी गाणाऱ्या कित्येकांना नशिबाने त्या दिवशी चांगली रीड लागलेली असते.

कद्री गोपालनाथ यांचे चरित्र या संदर्भात मोठे उद्बोधक आहे. नागस्वरवादकाच्या घरी जन्मलेल्या या कलावंताने म्हैसूरच्या राजवाड्यातील बँडमध्ये सॅक्सोफोन ऐकला आणि त्या पाश्चात्य वाद्यावर कर्नाटक संगीतातील गमके उतरविण्याचा ध्यास घेतला. त्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे रियाझ केला आणि वाद्यातही आवश्यक ते फेरफार करून घेतले. केवळ तपश्चर्येने हे वाद्य वश होईल असे त्यांनी मानले नाही आणि वाद्य बदलले की तपश्चर्येची गरज सरेल असेही मानले नाही. कर्ता आणि करण या दोहोंना ज्याचे त्याचे माप त्यांनी घातले, म्हणूनच मंदिरांत आणि सभागृहांत, जिथे पूर्वी नागस्वर घुमत असे तिथे, या परकीय वाद्याला मानाचे आसन मिळाले.

स्वस्त माउथपीसची परीक्षा हा म्हणूनच मला विवेकाचा एक छोटासा अभ्यास वाटतो. गळती आहे की नाही हे पाहणे म्हणजे साधनाला त्याचा न्याय देणे. तीच रीड वापरणे म्हणजे दैवाचा प्रभाव बाजूला काढणे. दीर्घ स्वर धरून बसणे म्हणजे शरीराला आणि प्राणाला आपापली कैफियत मांडू देणे. असा हिशेब प्रामाणिकपणे मांडला की कर्त्याच्या वाट्याला पाचांपैकी एकच हिस्सा उरतो, आणि प्रथमदर्शनी तो फार लहान वाटतो. परंतु उरलेल्या चारांपैकी शरीर जन्माबरोबर आलेले असते, प्राण आपल्या आज्ञेवाचून चालतो, करण दुसऱ्याने घडविलेले असते आणि दैव कोणाचेच ऐकत नाही. जाणूनबुजून झिजण्याची आणि झिजून वाढण्याची शक्ती असलेला हिस्सा तेवढा कर्त्याचाच आहे. माउथपीसच्या कडा चोख आहेत अशी खात्री झाल्यानंतर दुसरा माउथपीस शोधीत फिरण्यात घालविलेला प्रत्येक तास त्या एका हिश्शातून वजा होतो. श्रेय पाचांत वाटून टाकावे, त्यात संकोच बाळगू नये. पण उद्याच्या स्वराचा जाब मात्र पाचांपैकी एकालाच विचारता येतो, आणि तो देण्यास त्याने सदैव हजर असले पाहिजे.