पाणी कोण भरणार?

सुट्ट्या जवळ आल्या की हिमालयातल्या आणि सह्याद्रीतल्या शिबिरांच्या, ट्रेकच्या जाहिराती येऊ लागतात. त्यांत दोन आश्वासनं ठरलेली असतात: मुलं स्वतःच्या पायावर उभी राहतील आणि त्यांना जन्माचे सोबती मिळतील. पालकांना ते पटतं, कारण डोंगर माणसाला घडवतो ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मला ती अर्धवट वाटते. माणसं जवळ येतात ती एकमेकांवाचून अडेल असं काम समोर उभं राहिलं म्हणून. ते काम काढून घेतलं, तर आठ दिवस रानात राहूनही मुलं गेली तशीच परत येतात. क्वचित बिघडूनही येतात.

बिघडण्याचं उगाच म्हणत नाही. १९५४ च्या उन्हाळ्यात मुझफ्फर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, रॉबर्स केव्ह नावाच्या रानात, २२ मुलांचं शिबिर भरवलं. मुलं अकरा-बारा वर्षांची, चांगल्या घरांतली, एकमेकांना अनोळखी. त्यांचे दोन गट करून ते आधी लांब लांब ठेवले. पोहणं, भटकणं, एकत्र रांधणं यांतून प्रत्येक गट आपापल्यात घट्ट झाला. एक ‘ईगल्स’, दुसरा ‘रॅटलर्स’. मग त्यांच्यात बेसबॉल, रस्सीखेच अशा चढाओढी लावल्या. थोड्याच दिवसांत झेंडे जाळले गेले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी पडल्या. झाडं, तळं, मोकळी हवा सगळं होतं तिथेच होतं. दोन्ही गटांना एकत्र जेवू घातलं, सिनेमा दाखवला, तरी फरक पडेना. जेवताना उलट अन्नाची फेकाफेक झाली. पुढे शिबिराचं पाणी बंद पडलं (संशोधकांनीच ते पाडलं होतं) आणि डोंगरावरच्या टाकीत काय अडकलंय ते शोधायला सगळ्यांना जावं लागलं. जेवण आणणारा ट्रक चालू होईना, तेव्हा सगळ्यांनी मिळून तो ओढला. ओढायला घेतलेला दोर रस्सीखेचीचाच होता. शेवटी मुलं एकाच बसने घरी निघाली आणि रॅटलर्सनी बक्षिसाचे पाच डॉलर सगळ्यांना दूध पाजण्यात घालवले.

हा प्रयोग लबाडीचा होता, असं कुणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. आपल्यावर प्रयोग चाललाय हे मुलांना ठाऊक नव्हतं. आज अशी परवानगी कुणी देणार नाही. शिवाय आदल्या वर्षी, १९५३ मध्ये, न्यूयॉर्क राज्यात शेरीफ यांचा असाच एक डाव फसला होता. तिथे गट पाडण्याआधीच मुलांची ओळख झाली होती, त्यामुळे कितीही डिवचलं तरी ती वैरी व्हायला तयार होईनात. पण या आक्षेपाने मुद्दा दुबळा होत नाही. रान दोन्हीकडे होतं, निकाल मात्र वेगळे लागले. म्हणजे कोण कुणाबरोबर काय करतं, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडच्या जुन्या ट्रेकिंग संस्थांना हे प्रयोगावाचून कळलेलं होतं. खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे हरिश्चंद्रगड चढताना सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे घालायचं आणि त्याच्या चालीने सगळ्यांनी चालायचं, हा साधा नियम पाहा. पायांत दम असलेल्या पोराला तो जाचतो. पण दर वळणावर थांबावं लागल्याने पुढच्याला कुठे धाप लागते, कुठल्या कातळावर त्याला हात द्यावा लागतो, हे त्याला दिसू लागतं. डाळ-तांदूळ सगळ्यांच्या सॅकमध्ये वाटलेले असतात. एक जण मागे राहिला की खिचडीही मागे राहते. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर चूल पेटेना झाली की फुंकणाराच्या डोळ्यांतलं पाणी सगळे बघतात आणि आपसूक कुणीतरी फुंकणी हातात घेतं. इथे उपदेश कुणी केलेला नसतो. आता पॅकेज ट्रेकमध्ये तंबू आधीच ठोकलेला, चहा हातात, सॅक घोड्यावर. सोय झाली, यात शंका नाही. फक्त एकमेकांची गरज उरली नाही.

यावर एक बोचरा आक्षेप आहे. ज्या कष्टांची शहरी मुलं हौस करतात, ते पाचनईसारख्या गडाच्या पायथ्याच्या गावांतल्या बायामाणसांचं रोजचं जिणं असतं. मग त्यात घडवणारं ते काय? आक्षेप रास्त आहे, आणि ट्रेकर्सचं स्वतःवर खूश राहणं त्याने थोडं कमी झालं तर बरंच. पण पाणी लांबून आणावं लागतं हे ज्याला कधी कळलंच नाही, त्याला ते एकदा खांद्याला कळू देणं यात ढोंग नाही. ढोंग तेव्हा, जेव्हा गावातल्या माणसाकडून पाणी भरून घ्यायचं आणि फोटोखाली स्वावलंबनाच्या गप्पा मारायच्या.

दुसरी भीती जिवाची. १९९३ मध्ये इंग्लंडच्या लाइम बे इथे कनू वल्हवायला गेलेली चार शाळकरी मुलं दगावली आणि दोन वर्षांनी तिथे अशा केंद्रांसाठी कायदा करावा लागला. मुलांची जबाबदारी खरी असावी, धोका खरा असण्याची गरज नाही. भात करपणं एवढी शिक्षा पुष्कळ झाली. राहिलं हे सगळं टिकतं का. १९९७ मध्ये जॉन हॅटी आणि सहकाऱ्यांनी साहस-शिक्षणाच्या ९६ अभ्यासांचा आढावा घेतला. सहभागी झालेल्यांमधला फरक शिबिरानंतरही टिकल्याचं, थोडा वाढल्याचंही त्यात दिसलं. मात्र शिबिराशिबिरांत मोठी तफावत होती. म्हणूनच निवड करताना चौकशी हवी. पत्रकात तंबूत किती जण आणि नाश्त्याला काय, हे तपशीलवार छापलेलं असतं; संध्याकाळी पाणी कोण भरणार, हे नसतं. पालकांनी फोन करून तेवढं विचारावं. ‘त्याची काळजी सोडा, आमची माणसं आहेत’ असं उत्तर आलं, तर आपण सहलीचे पैसे मोजतोय हे समजून मोजावेत.