पगार सरकारचा, वकील कुणाचा?

अमेरिकेतले कैदी फेडरल कोर्टात अनेकदा एक विचित्र वाटणारा दावा लावतात. प्रतिवादी पोलीस नसतो, जेलरही नसतो. ज्याने आपला बचाव केला तो वकीलच असतो. 'यानेच मला बुडवलं,' ही तक्रार. खरं-खोटं तपासायची वेळ सहसा येतच नाही. त्याआधीच प्रश्न येतो: हा वकील म्हणजे 'सरकार' होता का?

कारण १८७१ च्या नागरी हक्क कायद्याखाली दावा चालायला राज्याचा अधिकार वापरून हक्क हिरावलेला असावा लागतो. आता १९६३ च्या गिडिअन निकालापासून गंभीर गुन्ह्यातल्या गरीब आरोपीला वकील देणं हे राज्याचं कर्तव्य आहे. पगार सरकारचा, मग चूकही सरकारची, असं कैद्याला वाटलं तर नवल नाही.

आयोवातल्या डॉडसनला तसंच वाटलं. अपिलात दम नाही म्हणून त्याच्या सरकारी वकिलाने अंग काढून घेतलं होतं. १९८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध एक मतांनी सांगितलं: बचाव करताना हा वकील राज्याचा माणूस नसतो, राज्याशी भांडणं हेच त्याचं काम.

मला हे निम्मं पटतं. आरोपीचा वकील मनाने सरकारचा असेल तर त्याचा उपयोग काय? पण निष्ठा आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९८८ मध्ये याच कोर्टाने नॉर्थ कॅरोलायनाच्या तुरुंगात कंत्राटावर येणाऱ्या डॉक्टरला राज्याचा माणूस ठरवलं. डॉक्टरची निष्ठाही पेशंटशीच असते. फरक एवढाच, की तो राज्याशी भांडत नाही. पण कोठडीतल्या माणसाला दोघेही निवडता येत नाहीत. समोर येईल तो आपला.

वकिलाच्या ढिसाळपणामुळे निकाल फिरला असं सिद्ध झालं, तर शिक्षा रद्द होऊ शकते. हे १९८४ पासून ठरलेलं आहे. म्हणजे तिथे चुकीची किंमत राज्यच मोजतं. भरपाईची वेळ आली की मात्र वकील परका होतो. राज्याच्या कोर्टात निष्काळजीपणाचा दावा लावता येतो, पण बऱ्याच ठिकाणी आधी शिक्षा रद्द झालेली असावी लागते.

हरलेल्या प्रत्येक अशिलाने वकिलाला कोर्टात खेचावं, असं मी म्हणत नाही. त्याने वकील भित्रे होतील. पण एकेका वकिलाच्या टेबलावर झेपणार नाहीत इतक्या फायली टाकणारं राज्य हात झटकून मोकळं का व्हावं? जाब त्याला विचारायला हवा.