पूरक म्हणजे समान का?

आजचा प्रश्न ऐकायला सोपा आहे. नवरा-बायको एकमेकांना पूरक असतात, असं आपण सहज म्हणतो. पण 'पूरक' म्हटलं की दोघांचं मोल सारखं झालं का?

यासाठी आज जरा लांब जाऊ या, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात. पेरू, बोलिव्हिया या देशांतल्या डोंगरगावांत क्वेचुआ भाषा बोलतात. त्यांचा एक शब्द आहे, 'यानान्तिन'. आता मी पडलो कोड लिहिणारा, शब्दाचेही तुकडे करून बघतो. 'याना' म्हणजे मदतनीस, आणि '-न्तिन' म्हणजे 'सकट'. थोडक्यात, सोबत्यासकट असलेला. दोन डोळे, दोन हात, तसेच नवरा-बायको. उलट शब्द 'चुल्ला'. धुण्यात एक मोजा हरवला की उरतो ना, तसा विजोड.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ ट्रिस्टन प्लॅट यांनी १९७६ मध्ये बोलिव्हियातल्या माचा लोकांच्या यानान्तिनबद्दल लिहिलं. त्यातून लक्षात राहण्यासारखी गोष्ट ही की दोन हात आरशातल्यासारखे जुळतात, पण स्त्री-पुरुष तसे जुळत नाहीत. ते वेगळेच असतात. म्हणजे जोडी आयती मिळत नाही, ती रोज जुळवावी लागते.

कशी? तर कामातून. वामान पोमा यांच्या १६१५ च्या सुमाराच्या हस्तलिखितात नांगरणीचं एक चित्र आहे. पुरुष पायाने दाबायच्या नांगराने जमीन फोडतायत आणि बायका समोर बसून ढेकळं उलटवतायत. एकाचं काम दुसऱ्याशिवाय अर्धवट. तिथे रीतसर लग्नाआधी एकत्र संसार करून पाहायची जुनी पद्धतही आहे. तिचं एक नाव 'सिर्विनाकुय'. 'सिर्वि' स्पॅनिशमधून आलं, अर्थ सेवा करणं. 'नाकु' म्हणजे एकमेकांना. सेवा दोन्ही बाजूंनी, हे व्याकरणातच बसलंय!

पण इथेच भारावून जाऊ नका. शेजारच्या आयमारा समाजात याच कल्पनेला 'चाचा-वार्मी', म्हणजे पुरुष-स्त्री, म्हणतात. आयमारा स्त्रीवादी कार्यकर्त्या हुलिएता पारेदेस यांनी तिच्यावर थेट बोट ठेवलं. त्यांचं म्हणणं असं की जोडीच्या गोड नावाखाली बाईचं दुय्यम स्थान झाकलं जातं.

मला ही टीका पटते. आणि तरी यानान्तिन टाकून द्यावंसं वाटत नाही. कारण टीकेची मोजपट्टी त्याच शब्दात आहे. सेवा एकाच बाजूने वाहत असेल, तर तिथे 'नाकु' उरला नाही. मग त्याला पूरक म्हणायचं कशाला? ती नुसती सोय झाली, एकाची.

शेवटी एक गंमत. मराठीसारखंच क्वेचुआतही 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत. 'न्योकान्चिक' म्हणजे आपण, ऐकणाऱ्यासकट. 'न्योकायकु' म्हणजे आम्ही, ऐकणारा सोडून. घरात बायकोला "आम्ही ठरवलंय" असं सांगितलं जातं, तेव्हा ती जोडीत असूनही बाहेर उभी असते.

आज दिवसभर एवढंच बघू या. घर, पैसा, नोकरी, आईबाबांचं आजारपण, यांबद्दल बोलताना आपल्या तोंडून कोणता शब्द निघतो? 'आपण' की 'आम्ही'?