आवड आणि जाब

दहावी-बारावीचे निकाल लागले की करिअर मार्गदर्शनाच्या मेळाव्यांना ऊत येतो, आणि हल्ली त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी पडद्यावर चार वर्तुळांची एक आकृती दिसते. तुम्हाला काय आवडतं, काय जमतं, जगाला कशाची गरज आहे आणि पैसे कशाचे मिळतात. ही चार वर्तुळं जिथे एकमेकांवर येतात तिथे तुमच्या आयुष्याचं प्रयोजन आहे. ते शोधा आणि मग शाखा निवडा, असा सल्ला. सतरा वर्षांच्या मुलामुलींना तो इतक्या सहजपणे दिला जातो, की त्यातला घातकपणा ध्यानात येत नाही. ज्याला ते मधलं ठिकाण सापडत नाही तो स्वतःलाच दोष देत बसतो. ‘आधी सरकारी नोकरी, मग बाकीचं’ किंवा ‘पॅकेज बघा, प्रयोजनाचं काय घेऊन बसलात’ या मतांनी प्रश्नच सोडून दिलेला आहे. त्यांच्याशी वाद घालण्यात हशील नाही. वाद या आकृतीशी घालायला हवा, कारण ती प्रश्न योग्य विचारते आणि उत्तर मात्र चुकीच्या जागी शोधायला लावते.

आकृतीला ‘इकिगाई’ या नावामुळे जपानी शहाणपणाचं वलय मिळालं आहे. प्रत्यक्षात ती स्पेनच्या आंद्रेस सुसुनागा यांची. २०१४ मध्ये मार्क विन या ब्रिटिश ब्लॉगरने तिच्या मध्यभागी जपानी नाव बसवलं आणि ती जगभर पसरली. त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, मिएको कामिया या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी इकिगाईवर पुस्तक लिहिलं होतं. त्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात काम करत होत्या. तिथली माणसं कायद्याने समाजापासून तोडलेली होती, आणि तो कायदा रद्द व्हायला १९९६ उजाडावं लागलं. त्यांच्यापुढे ना व्यवसायाची निवड होती, ना पगाराचा प्रश्न. तरी त्यांच्यातल्या काहींना जगणं मोलाचं वाटत होतं आणि काहींना नाही, हे का, असा कामियांचा शोध होता. त्या शोधातून पगाराच्या वर्तुळापर्यंत आपण कसे येऊन पोचलो, याचा विचार मार्गदर्शकांनी एकदा तरी करावा.

पण उगम बाजूला ठेवला तरी आकृतीतला मूळ दोष उरतोच. आवड ही आपल्या आत तयार स्थितीत पडलेली आहे, ती फक्त हुडकायची आहे, हे तिचं गृहीतक. २०१८ मध्ये ओकीफ, ड्वेक आणि वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी ते तपासलं. त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना कृष्णविवरांवरची रंजक चित्रफीत दाखवली, तेव्हा जवळपास सगळेच भारावले. मग त्याच विषयावरचा अवघड शास्त्रीय लेख वाचायला दिला. आवड उपजतच असते असं मानणाऱ्यांचा उत्साह तिथे जास्त मावळला. यात नवल काही नाही. तबल्यावर बोल स्वच्छ निघायला लागण्याआधी जे असतं ते कुतूहल. ज्याला आपण आवड म्हणतो ती हात बसल्यावर येते. म्हणजे आवडीचं वर्तुळ जमण्याच्या वर्तुळातूनच बऱ्याच अंशी निघतं, आणि ज्याचा हात अजून कशावरच बसलेला नाही त्याला आपण दोन्ही काढून दाखवायला सांगतो. ‘जगाची गरज’ हे वर्तुळही तितकंच कच्चं आहे. रघुनाथ धोंडो कर्वे गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये त्यांची नोकरी गेली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं, खटले सोसले, तोटा सोसला. समाजाला ते नको होतं आणि पैसे तर नव्हतेच. चारपैकी दोन वर्तुळं कोरी. या आकृतीने कर्व्यांना तो नाद सोडायला सांगितलं असतं.

मला महत्त्वाचा वाटतो तो भेद आवडत्या आणि नावडत्या कामातला नाही, जाब विचारणाऱ्या आणि न विचारणाऱ्या कामातला आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी एक साधन बनवलं, अक्षरओळख नसलेल्या दाईलाही वापरता येईल असं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी. दर दहा श्वासांमागे एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला न्यूमोनिया आहे. इथे मोजणारीच्या मनाचा कौल काय, याला किंमत नाही. आकडा चुकला तर बाळ दगावेल, आणि त्या बाळाची आई त्याच गावात राहते. पुढे गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार ३९ गावांतला नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने सुमारे ६२ टक्क्यांनी उतरला. कोणत्याही कलचाचणीने या बायकांना तिथे पाठवलं नव्हतं. काम चुकलं तर कुणाचं तरी बिघडतं आणि तो माणूस आपल्याला विचारू शकतो, ही जाणीव कामात उतरते तेव्हा प्रयोजन बाहेर शोधावं लागत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणं अप्रामाणिक ठरेल. ‘वाट्याला आलेल्या कामात अर्थ शोधा’ हेच तर जातिव्यवस्था शतकानुशतकं सांगत आली. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या गीता प्रवचनांत स्वधर्म शोधावा लागत नाही, तो आपसूक प्राप्त असतो, असं मांडलं. विनोबांचा हेतू निर्मळ होता, पण ज्याच्या वाट्याला मैला उचलणं आलं त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? १९३६ मध्ये लाहोरच्या परिषदेसाठी लिहिलेल्या, पण करू न दिल्या गेलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नेमकं हेच हाणून पाडलं. मला तो आक्षेप पूर्ण मान्य आहे. मात्र जातीच्या कामात जाब नव्हता, शिक्षा होती. वरचा खालच्याला विचारे. खालच्याला उलट विचारण्याची, काम टाकून जाण्याची मुभा नव्हती. जाब दोन्ही बाजूंनी चालावा लागतो. आणि त्याच भाषणात बाबासाहेब काय मागतात तेही पाहावं: माणसाची क्षमता इतकी वाढवा, की आपला व्यवसाय निवडण्यास तो समर्थ होईल. आधी सामर्थ्य, मग निवड. मेळाव्यातला सल्ला हा क्रम उलटा करतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो.

हिंजवडीतल्या एखाद्या मुलीला चांगल्या पगाराचं काम पोकळ वाटतं तेव्हा तिने आवड चुकीची निवडली, असं निदान होतं. बहुधा खरं कारण वेगळं असतं: आपण लिहिलेला कोड कोण वापरतं, तो बिघडला तर कुणाचं काय अडतं, हे तिच्यापर्यंत पोचतच नाही, पोचतं ते फक्त मॅनेजरचं रेटिंग. तिला पुन्हा चाचणीला बसवून काय साधणार? तिने वापरणाऱ्यापर्यंत जाण्याची वाट मागावी, नाही मिळाली तर ती असलेलं दुसरं काम पाहावं. ज्या घराला पहिल्या महिन्यापासून मुलाचा पगार लागतो त्या घरातही ‘हे काम चुकलं तर कुणाचं बिघडतं’ हा प्रश्न विचारता येतो, हाती असलेल्या नोकरीबद्दलही विचारता येतो. चार वर्तुळं जुळेपर्यंत थांबण्याची ऐपत मात्र फार थोड्या घरांत असते.