बियाण्याची कणगी

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं. ते ओसरल्यावर अण्णांच्या फोटो स्टुडिओत ओले अल्बम येऊ लागले. एक बाई गेलेल्या नवऱ्याचा एकुलता एक फोटो घेऊन आल्या. तो काचेला चिकटला होता. अण्णांनी आधी काचेसकट स्कॅन केला, मग सोडवायला घेतला. निम्मा चेहरा काचेवरच राहिला.

पुढचं काम हाताखालच्या पोराकडे गेलं. स्कॅनची टिफ फाइल २५ एमबीच्या वर, कॉम्प्युटर अडखळायचा. त्यानं ती जेपीजी केली, दोन एमबीत बसली. दिसायला हुबेहूब तीच! रोज थोडे डाग पुसायचे, थोडं उजळायचं, कडा कापायच्या आणि सेव्ह करायचं. सहाव्या दिवशी भुवईवरचा व्रण दिसेना. गालावर चौकटी उमटल्या होत्या.

"अण्णा, मी व्रणाला हात लावला नाही!" पोरगं रडकुंडीला आलं.

"जेपीजीनं लावला. ती चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे तुकडे करते आणि डोळ्याला सहसा जाणवणार नाही ते बारीकसारीक टाकून देते. म्हणून तर हलकी. तू बदल करून सेव्ह केलंस की पुन्हा टाकते. गेलेलं परत येत नाही. तुमच्या घरी शाळू होतो ना? बियाण्याचा दळता कधी?"

"छे! त्याची कणगी वेगळी."

"जेपीजी म्हणजे पीठ. घरोघर पोचवायला तेच बरं. पण ते पेरून उगवत नाही."

अण्णांनी पहिल्या स्कॅनची प्रत दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेवली होती. पोरानं मुळापासून पुन्हा सुरुवात केली.

"पीएनजीत ठेवू का?"

"चालेल, तीही काही टाकत नाही. मागचं कापून पारदर्शक ठेवायचं असेल तर तीच घ्यावी. पण स्कॅन टिफमध्ये आहे, तर टिफमध्येच राहू दे."

बाई आल्या. प्रिंट हातात घेऊन त्यांनी व्रणावर बोट ठेवलं. "बैलानं शिंग मारलं होतं," एवढंच म्हणाल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पुण्याला लेकाला मोबाइलवर पाठवशील?"

पोरानं टिफवरून जेपीजी काढून पाठवली. टिफ पेन ड्राइव्हवर घेतली, तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि चिठ्ठीवर 'मूळ फोटो' असं लिहिलं.

"काकी, हा माळ्यावर ठेवा," तो म्हणाला. "पाणी पोचणार नाही इतका वर."