गुलामांची मुक्ती आणि आपला विलंब
पवित्र कुरआनच्या सूरह अल-बलदमध्ये गुलाम मुक्त करण्याला अवघड चढण म्हटले आहे; सूरह तौबाने तर जकातीचा एक वाटाच त्यासाठी राखला. मग गुलामांचे बाजार शतकानुशतके कसे चालले? शरीअतची अनुमती होती, हे उत्तर मला अपुरे वाटते. १८४६ साली ट्युनिसच्या अहमद बे यांनी गुलामगिरी रद्द केली, तेव्हा उलेमांपुढे त्यांनी मांडलेला मुद्दा सरळ होता: अनुमतीसोबतच्या दयेच्या अटी मालक पाळत नाहीत. हनफी व मालिकी मुफ्तींनी संमती दिली. (फ्रान्सने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी कायमची संपवली ती त्यानंतर दोन वर्षांनी.) सौदी अरबस्तानात मात्र १९६२ उजाडले, मॉरिटानियात १९८१. अटी तर फिकहच्या ग्रंथांत आधीपासूनच होत्या. त्या मोडल्याचे बोलून दाखवण्यासाठी विद्वानांनी एका सत्ताधीशाची वाट का पाहावी?